गरुडाची चोच आणि कुंभारणीचं मडकं

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की रोज पंधरा मिनिटं एकाच झाडाकडे किंवा एकाच खिडकीतून बघत बसा आणि काय दिसलं ते कळवा, तर पत्रं आणि मेल मिळून एवढा ढीग आलाय की आमच्या संपादकबाई म्हणाल्या ताई आता तुम्हीच निस्तरा. पण गंमत बघा, निम्म्याहून जास्त जणांनी काय दिसलं ते लिहिलंच नाहीये, काय शिकलो ते लिहिलंय. मुंगीकडून चिकाटी, झाडाकडून परोपकार, नदीकडून पुढे जात राहणं वगैरे. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय मी, अशा वह्या ढिगाने तपासल्यात, प्रयोग केलेला नाही पण अनुमान मात्र शेजारच्याच्या वहीतून सुवाच्य अक्षरात उतरवलेलं. तर या वेळी मुद्दाम अशीच पत्रं घेतलीत ज्यात अनुमान आधीच तयार आहे आणि लिहिणाऱ्याला कुठेतरी शंका आलीये.

प्रश्न : ताई, आमच्या कंपनीत ट्रेनिंग होतं, त्यात ट्रेनरने गरुडाची गोष्ट सांगितली. चाळिशीत गरुडाची चोच वाकडी होते, नखं बोथट होतात, पिसं जड होतात. मग तो डोंगरावर जाऊन चोच दगडावर आपटून तोडतो, नवी चोच आली की तिने नखं उपटतो, नवी नखं आली की त्यांनी पिसं उपटतो, असे पाच महिने काढतो आणि मग आणखी तीस वर्षं जगतो. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मी 43 वर्षांचा आहे आणि सध्या बेंचवर (म्हणजे पगार आहे, प्रोजेक्ट नाही) बसलोय त्यामुळे मला ती गोष्ट जरा जास्तच लागली. खरंच असं होतं का? (पिंपरी)

उत्तर : नाही हो, अजिबात होत नाही. ही गोष्ट मलाच आत्तापर्यंत पाच ग्रुपवर आलीये, एकदा तर चक्क सत्यनारायणाच्या पूजेला ऐकली.

चोच म्हणजे आत हाड आणि वर केराटिनचं आवरण, आपली नखं ज्याची असतात तेच. ते आवरण जन्मभर वाढत असतं आणि खाताना, फांदीवर घासताना झिजत असतं, म्हणजे दुरुस्ती रोजच्या रोज चालूच असते. चोच मुळापासून तुटली तर गरुडाला मांस फाडता येणार नाही, तो पाच महिने कुठला जगतोय, थोड्याच दिवसांत उपाशी मरेल. आणि सत्तर वर्षं म्हणाल तर अमेरिकेत पायात कडी घातलेल्या बाल्ड ईगलपैकी सगळ्यात जास्त जगलेला पक्षी 38 वर्षांचा होता, 2015 मध्ये गाडीच्या धडकेत मेला. म्हणजे त्या ट्रेनरच्या हिशोबाने बिचारा डोंगरावर जायच्या आधीच गेला.

पिसं बदलतात हे मात्र खरं आहे, आणि ते तुम्हाला गच्चीवरून बघता येईल, गरुड नको, आपली साधी घार पुरते. वर्षातले काही महिने घारी वर फिरताना नीट बघा, पंखाच्या कडेला कंगव्याचा दात तुटावा तशी खाच दिसते. डाव्या पंखाला जिथे आहे साधारण तिथेच उजव्यालाही. दोन्ही बाजूंची एकेक दोनदोन पिसं गळतात, ती उगवेपर्यंत बाकीची काम धकवून नेतात, ती आली की पुढची गळतात, असं करत करत कित्येक महिन्यांत सगळा पंख बदलतो आणि या सगळ्या काळात ती बाई उडतेय, उंदीर धरतेय, कावळ्यांशी भांडतेय. एक दिवसही सुट्टी नाही.

तुम्ही पत्रात शेवटी लिहिलंय की नोकरी सोडून, पीएफ काढून सहा महिन्यांचा कसला तरी कोर्स करायचा विचार आहे. माझं म्हणाल तर आधी बेंचवर बसून पगार चालू आहे तोवर एक पीस बदलून बघा, संध्याकाळचा क्लास लावा, ते रुजलं की पुढचं. आता बघा, मीही तेच केलं की जे तुमच्या ट्रेनरने केलं, पक्ष्यावरून माणसाला उपदेश. फरक एवढाच की माझी घार खरी आहे.

प्रश्न : माझा मुलगा बारावीला आहे, दिवसभर लोळत असतो. त्याला मी मुंग्यांची रांग दाखवली आणि म्हटलं बघ, एक तरी मुंगी रिकामी आहे का? तर तो म्हणतो वारुळात जाऊन बघा. उद्धट झालाय. काय सांगू? (सोलापूर)

उत्तर : उद्धट असेल पण त्याचं बरोबर आहे, राग मानू नका. रांगेत दिसतात त्या कामावर निघालेल्या मुंग्या, म्हणजे सकाळी स्टेशनवर उभं राहून म्हणायचं की या गावात कोणी घरी बसतच नाही. अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठात डॅनियल शार्बोनो आणि ॲना डॉर्नहाउस यांनी एका जातीच्या मुंग्यांच्या अंगावर रंगाचे ठिपके लावून कोण काय करतंय ते नोंदवलं, तर साधारण 40 टक्के कामकरी मुंग्या बहुतेक वेळ नुसत्या बसून होत्या. मग त्यांनी सगळ्यात कामसू अशा 20 टक्के मुंग्या उचलून बाजूला केल्या, तर आठवड्याभरात बसलेल्यांपैकीच काही उठून तेवढंच काम करायला लागल्या. आणि उलट, बसलेल्या काढून घेतल्या तर त्यांची जागा कोणी घेतली नाही, बाकीच्या होत्या तशाच कामात राहिल्या. म्हणजे ती राखीव फौज होती.

हे मुलाला सांगू नका, त्याला ऐकायलाच हवंय. अभ्यासाचं थेट बोला, मुंगीला मध्ये आणू नका.

प्रश्न : ताई, आमच्या बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर अळ्या झाल्या. माझी आठ वर्षांची मुलगी रोज बघायची, आधी त्या चिमणीच्या शिटेसारख्या दिसायच्या मग हिरव्यागार झाल्या, एक काठीला दोऱ्याने बांधल्यासारखी होऊन तिचा कोष झाला. मुलगी रोज उठल्या उठल्या बाल्कनीत. फुलपाखरू येणार म्हणून मैत्रिणींना पण सांगून ठेवलं होतं. बारा तेरा दिवसांनी कोष तपकिरी पडला आणि त्याला बारीक भोक पडून आतून पाचपन्नास बारीक माश्या निघाल्या. फुलपाखरू नाहीच. मुलगी इतकी रडली की त्या दिवशी शाळेत गेली नाही. तिला मी सांगत होते की निसर्ग आपल्याला धीर धरायला शिकवतो, आता तिला काय सांगू? (ठाणे)

उत्तर : आधी त्या पोरीला माझा नमस्कार सांगा, कारण बारा दिवस रोज बघणं हे माझ्या बीएस्सीच्या वर्गातल्या किती जणांनी केलं असतं मला शंका आहे.

तुमच्या कढीपत्त्यावर होती ती बहुतेक कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी, शहरात कढीपत्त्यावर हीच जास्त येते. लहानपणी शिटेसारखी दिसते म्हणून पक्षी तिकडे बघत नाहीत, मोठी होऊन हिरवी झाली की पानात लपते, आणि तरी कोणी बोट लावलंच तर डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर काढते आणि एक उग्र वास सोडते. तुमच्या मुलीने बोट लावलं असणार, विचारा तिला, वास आठवत असेल.

आता एवढा बंदोबस्त करूनही एक वेळ अशी येते की अळीला काहीच करता येत नाही. कोष नुकताच झालेला असतो, वरचं कवच अजून मऊ असतं. काही बारीक माश्या, गांधीलमाशीच्या लांबच्या नातेवाईक म्हणा, नेमकी हीच वेळ साधतात. कधी कधी तर त्या अळीच्या आजूबाजूला आधीपासून ठिय्या देऊन बसतात. कोष मऊ असताना त्यात अंडी घालतात, पिल्लं आतल्या आत सगळं खातात आणि बाहेर येताना भोक पाडतात. तुम्ही बघितलं ते हेच.

तिला सांगायचं म्हणजे जे झालं तेच सांगा, पन्नास माश्यांचा वाढदिवस होता म्हणावं. मुलं ऐकतात हो, आपल्यालाच वाटतं की त्यांना झेपणार नाही. डार्विनलासुद्धा झेपलं नव्हतं. त्याने 1860 मध्ये एसा ग्रे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला पत्र लिहिलं होतं, त्यात अशाच माश्यांचा विषय आहे, की जिवंत अळीच्या शरीरात राहून तिला खाणारा प्राणी एखाद्या दयाळू देवाने मुद्दाम बनवला असेल हे माझ्या मनाला काही पटत नाही. तो पन्नाशीचा होता तेव्हा. तुमची मुलगी आठ वर्षांची आहे, रडली तर रडू दे.

आणि तुमचं माहेर पत्रात कोल्हापूरकडचं लिहिलंय म्हणून सांगते, तिथे ऊस असेल तर ट्रायकोकार्ड माहिती असेलच. त्या कार्डावर असल्याच एका बारीक माशीची प्रजा चिकटवलेली असते, उसाच्या पानाखाली ते कार्ड टाचतात, माश्या निघतात आणि खोडकिडीच्या अंड्यांमध्ये स्वतःची अंडी घालतात. मुलीच्या मामाला ही माशी पैसे मोजून विकत आणावी लागते, तुमच्याकडे फुकट आली. एवढं मात्र करा, कढीपत्त्यावर काही फवारू नका, दुसरं फुलपाखरू अंडी घालायला येईल.

अजून एक, तुम्ही पत्रात ती दुसरी गोष्टपण लिहिलीये, की एका माणसाने कोष कात्रीने कापून फुलपाखराला मदत केली आणि ते अधू झालं म्हणून मुलांना धडपडू द्यावं. कोष कापू नये हे खरंच आहे, आतला जीव तयार आहे की नाही आपल्याला काय कळतं. पण पंख फुगतात ते बाहेर आल्यावर. फुलपाखरू कोषाला लोंबकळतं आणि शरीरातलं पाणी पंखांच्या शिरांमध्ये ढकलतं, तेव्हा चुरगळलेल्या रुमालासारखे पंख हळूहळू सरळ होतात. त्याला त्या वेळी खरं काय लागतं तर लोंबकळायला मोकळी जागा. पुढच्या कोषाच्या खाली तुमचे वाळत घातलेले कपडे येणार नाहीत एवढं बघा.

प्रश्न : सौ. ताईंस, सप्रेम नमस्कार. मी 74 वर्षांचा वारकरी, एकनाथी भागवत नित्य वाचतो. अवधूताने चोवीस गुरू केले ते बहुतेक निसर्गातलेच, त्यात शेवटचा गुरू कुंभारीण माशी. ती अळीला मातीच्या घरात कोंडते आणि अळी तिच्या भयाने तिचंच ध्यान करता करता स्वतः माशी होते असा दृष्टांत आहे. नातू म्हणतो हे शास्त्राला धरून नाही. तुम्ही विज्ञानवाले सगळं मोडीत काढता. आपलं मत कळवावे. (पैठणजवळून)

उत्तर : काका, नमस्कार. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मोडीत काढायचं म्हणाल तर मी चौथीत असतानाच काढलंय, अक्षरशः, फूटपट्टीने.

आमच्या घरी पडवीत देव्हाऱ्याच्या मागच्या भिंतीला कुंभारीण घर करायची. आजी हात लावू द्यायची नाही, म्हणायची कुंभारणीने घर केलं की घरात पाळणा हलतो. त्या वर्षी पाळणा हलायचं काहीच लक्षण नव्हतं म्हणून असेल कदाचित पण मला धीर आला. दुपारी सगळे झोपले की मी बघत बसायचे. न्हाणीच्या बाहेर जिथे पाणी सांडून ओल असायची तिथून ती मातीची गोळी घेऊन यायची, ज्वारीच्या दाण्याएवढी, आणि ती लावताना गुंईई असा आवाज यायचा, गोळी पसरून झाली की आवाज बंद. असं करत करत सुपारीपेक्षा लहान मडकं, त्याला वर चक्क बाहेर वळवलेला काठ. काठ झाला की ती मागची बाजू आत घालून थोडा वेळ बसली. मग उडाली ती अळी घेऊन आली. हिरवी, लोंबणारी. ती आत ढकलली. परत गेली, परत आली. किती आणल्या मी मोजल्या नाहीत याचं मला अजून वाईट वाटतं. मग तोंड मातीने बंद केलं आणि गेली ती गेलीच, परत फिरकली नाही.

मी तिसऱ्या दिवशी फूटपट्टीने ते मडकं उचकटलं. आत हिरव्या अळ्या एकमेकींत कोंबलेल्या, आणि मेलेल्या नव्हत्या. टोचलं की जराशा हलायच्या. आणि त्यांच्यात एक पांढुरकी, वेगळीच, जाडसर अळी एका हिरव्या अळीला तोंड लावून बसलेली.

पुढे कॉलेजात कळलं ते असं, की माशी रिकाम्या मडक्यात आधी अंडं घालते, ते छताला बारीक धाग्याने टांगलेलं असतं. मग ती अळ्यांना डंख मारून लुळं करते, मारत नाही, कारण मेल्या तर सडतील. अंड्यातून तिची स्वतःची अळी निघते, ती हे ताजं ताजं खाऊन वाढते, कोष करते आणि काही आठवड्यांनी मडकं फोडून माशी बाहेर पडते. आईने लेकराला बघितलेलं नसतं आणि लेकराने आईला.

आता तुमच्या दृष्टांताचं. ज्याने कोणी हे पहिल्यांदा बघितलं त्याने खोटं काहीच बघितलं नव्हतं. अळी आत जाते, मडकं बंद होतं, माशी बाहेर येते, तीनही गोष्टी खऱ्या. त्याने फक्त मधे मडकं फोडलं नाही. त्याच्या नजरेला मी नावं ठेवणार नाही काका, हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी भिंतीवरच्या माशीकडे इतके दिवस बघत बसलं होतं ही केवढी गोष्ट आहे. नातवाला म्हणावं तुझ्या शास्त्राची सुरुवात तिथेच आहे, आणि तू स्वतः किती मडकी बघितलीस?

आणि दृष्टांत मोडला म्हणून नाथांचं काही बिघडत नाही. मन ज्याचं ध्यान करतं तसं होतं हे सांगायला त्यांना एक चित्र हवं होतं, ते चित्र त्यांच्या श्रोत्यांच्या भिंतीवर रोज दिसत होतं. नाथांनी ते भागवत 1573 मध्ये काशीला पूर्ण केली, तेव्हा पडवीत फूटपट्टी घेऊन बसलेली पोरगी नव्हती.

मला त्या चोवीस गुरूंमध्ये वेगळंच आवडतं, तुम्ही रोज वाचता म्हणजे तुमच्याही लक्षात आलं असेल. अवधूत कित्येक गुरूंकडून काय करू नये ते शिकलाय. कबुतर पिल्लांच्या मायेने जाळ्यात उडी घेतं, पतंग दिव्यावर जातो, मासा गळाला लागतो, हरीण गाण्याला भुलतं, हत्ती हत्तिणीमागे खड्ड्यात पडतो. हे सगळे त्याचे गुरू आहेत आणि सगळे फसलेले आहेत. निसर्गात सगळं छान छान आणि आदर्श असतं असं त्याने कुठेच धरलेलं नाही. आजकालच्या सुप्रभात मेसेजमध्ये मात्र एकही प्राणी कधी फसत नाही.

प्रश्न : माझ्या सासूबाई उठता बसता मला सुगरण पक्ष्याचं उदाहरण देतात. बाईने घर असं विणावं म्हणतात. आमच्या विहिरीवरच्या बाभळीला खोपे आहेत ते दाखवतात. मी नोकरी करते, ताई, घर विणायला वेळ मिळत नाही. काहीतरी लिहा. (सांगली जिल्हा)

उत्तर : लिहिते, आणि हा अंक त्यांच्या हाताला लागेल असा ठेवा.

पावसाळ्यात त्या बाभळीखाली बसा. खोपा विणताना जो पक्षी दिसेल त्याच्या डोक्यावर पिवळीधम्मक टोपी असेल. तो नर आहे. विणतो तो नर. सुगरण म्हणायची ती मादी, साधी, चिमणीसारखी, ती विणत नाही, ती तपासायला येते. नर निम्मा खोपा विणून थांबतो, हेल्मेट लटकवल्यासारखा दिसतो तो, आत ओल्या मातीचे लपके पण लावतो, आणि मग मादी आली की पंख फडफडवून नुसता आरडाओरडा, या बघा, या बघा. ती आत शिरते, इकडेतिकडे ओढून बघते, पसंत पडलं तर राहते, नाहीतर सरळ उडून शेजारच्याकडे. पसंत पडल्यावरच तो खाली ती लांब नळी विणून घर पुरं करतो. तुमच्या बाभळीला अर्धवट सोडलेले खोपे दिसतील बघा, ते नापास झालेले.

हे आपल्याकडे नीट बघितलं ते सालिम अलींनी, अलिबागजवळ किहीमला, 1930 च्या सुमारास. जर्मनीत शिकून आले तर नोकरीच उरली नव्हती, म्हणून किहीमच्या घरी जाऊन राहिले आणि तिथे सुगरणींची वसाहत सापडली. पुढचं पण त्यांनीच नोंदवलं, की एक मादी घरात बसली की हा दुसरा खोपा विणायला घेतो दुसरीसाठी. हे सासूबाईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

बहिणाबाईंच्या खोप्यामुळे आपल्या सगळ्यांच्या मनात तिचीच चोच बसलीये, आणि आईचं म्हणाल तर बहिणाबाई चुकल्या असं मी म्हणणार नाही, कारण अंडी उबवणं तिचं एकटीचं असतं आणि पिल्लांना भरवणंही बहुतेक सगळं तीच करते. म्हणजे घर त्याचं आणि पोरं हिची. तुमच्याकडे घर पण तुमचंच दिसतंय. सासूबाईंना म्हणावं, खोप्याची आठवण तुमच्या मुलाला करून द्या, टोपी पण आणून देते पिवळी.

प्रश्न : आमच्या सोसायटीत जिन्याच्या खिडकीला गांधीलमाश्यांचं कागदासारखं पोळं आहे. मी सेक्रेटरी आहे. पेस्ट कंट्रोलला बोलवायच्या आधी तुमच्या लेखामुळे दोन दिवस बघितलं. यातली राणी कोणती ते कसं ओळखायचं? आम्हाला चेअरमन निवडायचाय, म्हटलं नेतृत्वाचं काही शिकता येईल. (डोंबिवली)

उत्तर : तुम्ही गमतीत लिहिलंय पण उत्तर खरंच भारी आहे. आपल्याकडे सर्रास दिसणारी एक जात आहे, रोपालिडिया मार्जिनाटा, तिचा अभ्यास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकरांनी कित्येक दशकं केलाय. तिची राणी ओळखायची खूण म्हणजे ती कोणाच्या अध्यात ना मध्यात. दादागिरी नाही, ढकलाढकली नाही, तिच्या वासावरून बाकीच्यांना कळतं की राणी आहे आणि तेवढ्यावर भागतं. राणी उचलली की थोड्याच वेळात एक कामकरी माशी एकदम आक्रमक होते, दिसेल तिला झोडपते, तीच पुढची राणी. आणि आठवड्याभरात अंडी घालायला लागली की तीही शांत. पुढची कोण होणार हे बघणाऱ्या शास्त्रज्ञांना आधी सांगता येत नव्हतं, माश्यांना मात्र ते ठाऊक असावं असं दिसतं, कारण ती एक पुढे झाली की कोणी आडवं येत नाही.

तुमच्या सोसायटीत असं शक्य नाही. चेअरमन चिठ्ठी टाकून निवडा. पोळं लहान मुलांच्या हाताच्या उंचीवर असेल तर काढायला लावा, वर असेल तर ती खिडकी बंद ठेवा.

प्रश्न : ताई, मी परळला चाळीत राहतो, दहा बाय बाराची खोली, नोकरी रात्रीची. तुम्ही सगळे जंगल आणि डोंगराचं लिहिता. आम्ही काय बघायचं? खाली मोरीच्या पाईपजवळ एक उंबर उगवलाय तेवढंच. (मुंबई)

उत्तर : उंबर आहे आणि म्हणताय तेवढंच? अरे बाबा, तुला लॉटरी लागलीये.

उंबराचं फूल कोणाला दिसत नाही म्हणून आपल्याकडे फार दिवसांनी भेटलेल्या माणसाला म्हणतात, काय रे, उंबराचं फूल झालास. ते दिसत नाही कारण आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या आत शेकडो बारीक फुलं असतात, आतल्या बाजूला तोंड करून. आत शिरायला एकच वाट, फळाच्या टोकाला असतं ते बारीक भोक, खवल्यांनी गच्च बंद केलेलं. तिथून एक माशी आत घुसते, डासाहूनही लहान, आणि घुसताना तिचे पंख तुटतात. ती परत बाहेर येणारच नसते. आत फिरते, अंगावरचे परागकण फुलांना लागतात, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. काही आठवड्यांनी आधी नर निघतात, त्यांना पंखच नसतात. ते अजून बंद असलेल्या माद्यांना गाठतात, मग फळाच्या सालीतून बाहेर बोगदा कोरतात आणि मरतात. त्यांना बाहेरचं जग नाहीच. माद्या त्या बोगद्यातून पराग घेऊन उडतात, दुसरं उंबर शोधायला, आणि तेही काही दिवसांच्या आत, नाहीतर सगळंच फुकट. उंबराच्या झाडाला ही माशी नसेल तर बी धरत नाही आणि माशीला उंबर नसेल तर घर नाही.

तुझ्या पाईपजवळ तो उंबर आला कसा ते पण बघ. कोणीतरी पक्षी, तांबट असेल, मैना असेल, दुसरीकडे उंबर खाऊन तुझ्या पाईपवर बसला होता. म्हणजे आसपास कुठेतरी मोठं झाड आहे. रात्रपाळीवरून येताना सकाळी सहा-साडेसहाला वर बघत ये, तांबटाचा टुक टुक टुक आवाज येतो तिकडे जा, सापडेल.

आपल्या म्हणीत सांगितलंय की उंबर फोडून केंबरं (म्हणजे आतल्या याच बारीक माश्या) काढू नयेत, झाकलेलं झाकलेलंच बरं. मी म्हणेन फोड. पिकायला आलेलं, लालसर होऊ लागलेलं, पण अजून भोक न पडलेलं घे, ब्लेडने मधोमध काप आणि मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघ, पिवळट बिनपंखांचे फिरतात ते नर, काळपट पंखवाल्या माद्या. पण हे गॅलरीत कर, खोलीत नको. मी एकदा स्वयंपाकघराच्या ओट्यावर केलं होतं संध्याकाळी, दिवा लावलेला, आणि त्या दिवशी आमच्याकडे मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. पोह्यांच्या डिशवर केंबरं. आमचे हे अजूनही घरात उंबर आणू देत नाहीत.